चिंता हलकी करण्यासाठी चित्रकला: सुरुवात कशापासून करावी

एका भगिनीने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्या डिचोली तालुक्यात राहतात आणि नोकरीसाठी रोज बसने पणजीला जातात. वर्षभरापासून दिवेलागणीची वेळ झाली की त्यांचा जीव घाबरा होतो, रात्री अडीच-तीनला जाग येते आणि घराचे कर्ज, मुलाची दहावी, सासऱ्यांचे दुखणे असे एकामागून एक विषय डोक्यात फिरत राहतात. मनोविकारतज्ज्ञांनी तपासून चिंताविकाराचे निदान केले, गोळ्या सुरू केल्या आणि त्यांचा गुणही येतो आहे. मध्यंतरी कुणीतरी चित्रे काढून पाहण्याचा सल्ला दिला, म्हणून त्यांनी रंग आणले, मोठा कोरा कागद घेतला आणि मनात असेल ते सगळे कागदावर ओतायचे असे ठरवून त्या बसल्या; पण अर्ध्या तासाने उठल्या तेव्हा छातीतली धडधड वाढलेली होती. त्यांचे प्रश्न तीन आहेत: चित्रकलेने चिंता खरोखरच कमी होते का, शाळा सुटल्यापासून ब्रश हाती न धरलेल्या माणसाने ती कशी करावी, आणि जमू लागले तर गोळ्या थांबवता येतील का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, आणि तुमचा अनुभव त्या उत्तराला खोटे ठरवत नाही. तुम्हाला मिळालेला सल्ला चांगल्या हेतूने दिलेला होता. परंतु ज्याचे मन आधीच धास्तावलेले आहे त्याच्यासाठी मनातले सगळे कागदावर ओतणे ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून फोंड्याला काम करताना समुपदेशनाच्या जोडीला रंग आणि कागद वापरू लागून मला बरीच वर्षे झाली. या काळात जे लोक ‘चित्र काढून पाहिले, उलट त्रासच झाला’ असे सांगत आले, त्यांतल्या बहुतेकांनी कोऱ्या कागदावर स्वतःची भीतीच काढायला घेतलेली होती. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, चित्रकलेने चिंता हलकी करायची असेल तर सुरुवातीचे काही आठवडे चिंतेचे चित्र काढूच नये. डोळ्यांसमोरची एखादी साधी वस्तू काढावी, किंवा ठरलेल्या चौकटीतली नक्षी भरावी.

याचे कारण काळजीच्या स्वभावात आहे. काळजी ही बहुतांशी शब्दांत चालते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक यांनी सततच्या काळजीचा दीर्घकाळ अभ्यास करून असे मांडले की काळजी करणारा माणूस मनात चित्रे कमी पाहतो आणि स्वतःशी बोलतो जास्त. ‘असे झाले तर काय करायचे, मग त्याचे काय होईल, लोक काय म्हणतील’ अशी ती वाक्यांची मालिका असते आणि तिला शेवट नसतो, कारण एका जर-तरला उत्तर सापडले की त्याच्यामागे दुसरे उभेच असते. रात्री अडीच वाजता तुमच्या डोक्यात जे चालते ते हेच. घरच्यांनी घातलेली समजूतही शब्दांतच असल्यामुळे ‘काळजी करू नकोस’ हे वाक्य त्याच मालिकेत जाऊन बसते आणि त्याच्यावरही उलटसुलट विचार सुरू होतो. चित्र काढताना डोळ्यांना आणि हाताला असे काम मिळते की ज्यात वाक्य लागत नाही: ही कड कुठे वळते, इथली सावली किती गडद आहे, ब्रशमध्ये पाणी जास्त झाले का. आपले लक्ष एका वेळी फार थोड्या गोष्टी धरू शकते, आणि ते अशा प्रश्नांत गुंतले की जर-तरला पुढे सरकायला जागा उरत नाही.

गोव्यात आबे फारिया यांच्याबद्दल एक आख्यायिका सांगितली जाते. १७५६ साली कांदोळीला जन्मलेले आणि पुढे पॅरिसमध्ये संमोहनाच्या आद्य अभ्यासकांत गणले गेलेले हे धर्मगुरू तरुणपणी लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभे राहिले, आणि समोरचा दरबार पाहून त्यांची वाचाच बसली. तेव्हा जवळ असलेल्या वडिलांनी हळूच कोकणीत सांगितले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’. आणि फारियांना कंठ फुटला. मला ही कथा मोलाची वाटते ती यासाठी की वडिलांनी ‘घाबरू नकोस’ असे म्हटले नाही. त्यांनी मुलाच्या डोळ्यांसमोर एक चित्र ठेवले आणि हाताला एक काम सुचवले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी फारियांचा पुतळा आहे, आणि गोव्याच्या मनोरुग्णालयाला पूर्वी त्यांचेच नाव होते, हे पुष्कळांना ठाऊक असेल.

आता संशोधनाकडे वळू, कारण ‘खरोखरच’ हा शब्द तुम्ही मुद्दाम वापरला आहे. २००५ साली अमेरिकेत नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी ८४ विद्यार्थ्यांना आधी एका भीतिदायक अनुभवाविषयी लिहायला लावून त्यांची चिंता वाढवली आणि मग २० मिनिटे रंगवायला दिले. काहींना मंडल, म्हणजे वर्तुळात बांधलेली नक्षी, काहींना आडव्या-उभ्या पट्ट्यांची चौकट आणि काहींना नुसता कोरा कागद. मंडल आणि चौकट रंगवणाऱ्यांची चिंता उतरली. कोरा कागद मिळालेल्यांची तशी उतरली नाही. जेनिफर ड्रेक आणि एलन विनर यांनी २०१२ साली केलेल्या अभ्यासात मन उदास करणारा चित्रपट दाखवल्यानंतर काहींना ती उदासी कागदावर व्यक्त करायला सांगितले, तर काहींना मन दुसरीकडे वळेल असे चित्र काढायला सांगितले. दुसऱ्या गटाची मनःस्थिती अधिक सुधारली. तो अभ्यास दुःखाचा होता, चिंतेचा नव्हे, हे ध्यानात ठेवूनही माझ्या कामातला अनुभव त्याच दिशेने बोलतो. अर्ध्या तासाने वाढलेली तुमची धडधड हा तुमच्या मनाचा दुबळेपणा नव्हता. कोऱ्या कागदावर, कसलाही आधार नसताना, तुम्ही आपल्या सर्वांत मोठ्या भीतीकडे एकटक पाहत बसला होता.

तिसरा अभ्यास तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी निगडित आहे. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटे माती, रंगीत पेन आणि कागदाची कात्रणे यांच्याशी हवे ते करू दिले आणि आधी व नंतर लाळेतल्या कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण मोजले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ७५ टक्के लोकांचे प्रमाण घटलेले आढळले, आणि ज्यांनी पूर्वी चित्रे काढली होती व ज्यांनी कधीच काढली नव्हती, यांच्यात फरक दिसला नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून या आकड्याचा फार मोठा दावा करू नये. उरलेल्या पाव लोकांत घट झाली नाही हेही विसरू नये. पण ‘माझा हात चित्रकलेचा नाही’ या आक्षेपापुरता तो पुरेसा आहे. चित्र चांगले येण्याने चिंता कमी होत नाही. चित्र काढण्यात गुंतल्याने होते.

म्हणून भाजीपासूनच सुरुवात करा, हे मी अगदी गांभीर्याने सांगते. पावसाळ्यात आपल्याकडे परसात होणारी सात शिरांची भेंडी मिळाली तर उत्तम; नाहीतर आगशीचे वांगे, एखादे लिंबू, उन्हाळ्यात मानकुराद आंबा, काहीही चालेल. ती पांढऱ्या ताटलीत ठेवून ताटली खिडकीजवळ ठेवा, म्हणजे उजेड एकाच बाजूने येईल आणि सावली स्पष्ट दिसेल. पहिली पाच मिनिटे पेन्सिलला हात लावू नका, नुसते पाहा. देठाजवळ शिरा कशा एकत्र येतात, टोकाकडे भेंडी किंचित वळलेली आहे का, एका बाजूने पाहताना सातांपैकी किती शिरा नजरेला पडतात, प्रत्येक दोन शिरांमधली दरी सारख्याच रंगाची आहे का. त्यानंतर मऊ पेन्सिलने कड काढायला घ्या आणि ती मुंगीच्या चालीने काढा: डोळा कडेवरून जितका सरकेल तितकाच हात कागदावर सरकला पाहिजे, आणि कागदापेक्षा भेंडीकडे जास्त वेळ पाहिले पाहिजे. आकार जवळपास भेंडीएवढाच ठेवा. फार मोठा कागद भरायचा असला की दडपण येते. रेघ चुकली तर खोडू नका, तिच्याशेजारी दुसरी काढा. खोडरबर हा चिंताग्रस्त माणसाचा फार जुना सोबती असतो आणि त्याला पहिला महिनाभर खोलीबाहेर ठेवावे.

पहिला महिना पेन्सिल आणि खडूंचे काम झाले की पोस्टर कलर घ्या, तेही दोनच, एक हिरवा आणि एक पिवळा. आधी पातळ पिवळसर हात फिरवा, तो वाळू द्या आणि मग दऱ्यांमध्ये हिरवा भरा. ब्रश वरून खाली ओढताना श्वास सावकाश सोडायचा आणि ब्रश उचलून पुन्हा रंगात बुडवताना घ्यायचा, एवढी एकच शिस्त मी घालून देते. लांबवलेल्या उच्छ्वासाने हृदयाची गती थोडी मंदावते, हे शरीरशास्त्रात प्रस्थापित आहे, आणि ‘आता मी दीर्घ श्वसन करणार’ असे ठरवून बसणे ज्यांना जमत नाही त्यांना ब्रशच्या मागोमाग ते आपोआप जमते. भेंडी भेंडीसारखी न दिसता पडवळासारखी दिसली तरी त्या दिवसाचे काम झाले, असे समजा.

वस्तू पाहून काढणे ज्यांना अवघडच वाटते त्यांना मी नक्षी देते. मंडलाची छापील पुस्तके बाजारात भरपूर आहेत, पण आपल्याला तेवढे दूर जाण्याची गरज नाही. ठिपक्यांची रांगोळी घालता येते त्या प्रत्येक बाईला चौकट म्हणजे काय हे ठाऊक असते; सात ते एक ठिपके कागदावर मांडून ते जोडणे आणि आतली घरे रंगवणे हा अतिशय चांगला व्यायाम आहे. दुसरा मार्ग आपल्या देवळांच्या आणि जुन्या घरांच्या भिंतींवर आहे. गोव्यात आणि कोकणात कावी कला म्हणून जी ओळखली जाते, तिच्यात चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर देऊन तो ओला असतानाच अणकुचीदार अवजाराने खरवडतात, आणि आतला पांढरा दिसू लागून फुले, वेली, भौमितिक पट्टे उमटतात. घरी हेच कागदावर करता येते. जाड कागदावर पांढरा तैलखडू दाबून घासावा, त्याच्यावर गेरूसारखा तांबडा पोस्टर कलर दाट लावावा, रंगात भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब घालावा म्हणजे तो मेणकट खडूवर नीट बसतो, आणि वाळला की दाभणाने किंवा दात कोरायच्या काडीने नक्षी खरवडावी.

या प्रकाराने मला एका गृहस्थांच्या बाबतीत फार मदत झाली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. २०१२ साली खाणी बंद झाल्यानंतर ज्या ट्रकमालकांचे हप्ते थकले, त्यांपैकी ते एक होते. झोप उडालेली, फोन वाजला की हात थरथरायचे, आणि रंगांचा विषय काढला की ‘हे पोरांचे काम’ म्हणून ते खुर्ची मागे सरकवत. त्यांना ब्रश धरायला सांगणे मी सोडून दिले आणि एका तांबड्या रंगवलेल्या कागदावर फक्त एक आडवी पट्टी खरवडून द्यायला सांगितली, आपल्या गावच्या देवळात पाहिलेली कुठलीही. खरवडण्यात जोर लागतो. हाताला विरोध जाणवतो, काडी किती दाबली याचा परिणाम लगेच दिसतो, आणि एक फूल झाले की तसेच दुसरे काढायचे एवढेच पुढचे काम उरते. त्यांचे कर्ज त्यामुळे फिटले नाही आणि त्यांना औषधेही घ्यावी लागली; पण दिवसातला एक तास असा निघाला की ज्यात बँकेचा फोन त्यांच्या डोक्यात वाजत नव्हता, आणि त्या तासानंतर ते पत्नीशी कर्जाबद्दल न चिडता बोलू शकले.

जोर आणि विरोध यांबद्दल मी बोलले, त्यामागे एक विचार आहे. सँड्रा केगिन आणि व्हिया लुसेब्रिंक या दोघींनी १९७८ साली कलोपचारासाठी, म्हणजे कलेच्या साह्याने केल्या जाणाऱ्या मानसोपचारासाठी, जी मांडणी केली, तिच्यात साधनांचा स्वभाव फार महत्त्वाचा मानला आहे. पाण्यासारखी वाहणारी साधने भावना मोकळ्या करतात आणि ताबा सैल करतात. पेन्सिल, खडू, माती, खरवडण्याचे साहित्य अशी हाताला अडवणारी साधने ताबा आणि स्थैर्य देतात. चिंतेत माणसाला आधीच वाटत असते की सगळे हातातून निसटते आहे. अशा वेळी ओल्या कागदावर जलरंग सोडले आणि ते मनाला येईल तिकडे पसरले की काहींना मोकळे वाटते, पण पुष्कळांना घाबरायला होते. तुम्ही नेमके काय वापरले होते हे लिहिलेले नाही. पातळ जलरंग असतील तर धडधडीचे आणखी एक कारण मिळाले. पहिला महिना पेन्सिल, रंगीत पेन्सिली, तैलखडू आणि खरवडायची नक्षी एवढेच ठेवा, मग ब्रशने पोस्टर कलर, आणि जलरंग सर्वांत शेवटी.

साहित्यावर खर्च करू नका. शाळकरी मुलांची रंगपेटी पुरते. कागद मात्र थोडा जाड घ्या: खडू आणि पेन्सिलीसाठी साधारण १५० जीएसएमचा कार्ट्रिज पेपर, आणि पुढे जलरंगांकडे वळलात तर ३०० जीएसएमचा, कारण पातळ कागद पाण्याने फुगतो आणि फुगलेला कागद पाहून चिडचिड होते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की रंगाचा थर वाळायला दुप्पट वेळ लागतो आणि कपाटात ठेवलेल्या कागदावर बुरशीचे ठिपके येतात. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, नव्या चपला-बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावेत, आणि पावसाळ्यात मुद्दाम खडूंचेच काम करावे.

वेळेबद्दल तुमच्यासाठी माझे मत ठाम आहे. दिवेलागणीला तुमचा जीव घाबरतो, तर त्याच्या थोडे आधी, घरी परतून चहा झाल्यावर, २० ते ३० मिनिटे बसा. आठवड्यातून चार दिवस पुरेत. भीती वाटू लागल्यावर रंग शोधायला धावू नका, कारण मग चित्रकला हे भीतीपासून पळण्याचे साधन बनते आणि रंग जवळ नसले की आणखी घाबरायला होते. रात्री जाग येते तेव्हाही दिवा लावून रंगकाम मांडू नका. उशाशी एक छोटी वही आणि पेन्सिल ठेवा, मंद उजेडात एकाच आकाराची नक्षी काढत राहा, आणि डोळे जड झाले की वही मिटा. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख आणि दोन आकडे लिहा: बसण्यापूर्वी अस्वस्थता शून्य ते दहापैकी किती होती आणि उठताना किती होती. एखाद्या दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. महिनाभराचे आकडे एकत्र पाहिले की कोणत्या साधनाने, कोणत्या वेळी, कोणत्या विषयाने उतार पडतो ते दिसते, आणि ते प्रत्येक माणसाचे निराळे असते.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल मला मनापासून कळकळ वाटते. पहिले काही आठवडे ही चित्रे कुणालाही दाखवू नका आणि मोबाइलवरून स्टेटसला लावू नका. किती जणांनी पाहिले, कुणी काय म्हटले, ही नवी काळजी आपण स्वतःहून ओढवून घेतो. कौतुक झाले तर पुढचे चित्र तितकेच चांगले यायला हवे असे ओझे होते. घरच्यांना मी स्वतंत्रपणे सांगत असते की टेबलावर काळा किंवा तांबडा रंग जास्त असलेला कागद दिसला म्हणून त्यातून अर्थ काढू नयेत. रंगांवरून मन वाचता येते हा समज फार पसरलेला आहे, तसाच निळ्याने शांत वाटते आणि तांबड्याने डोके तापते हाही. या सरसकट विधानांना भक्कम आधार नाही. ज्या माणसाचे बालपण तांबड्या मातीच्या वाटांवर गेले, त्याला तोच रंग घरचा वाटू शकतो. जो रंग हातात घ्यावासा वाटतो तो घ्यावा.

काहींना वस्तू आणि नक्षी दोन्हींचा कंटाळा येतो. त्यांच्यासाठी मी संगीत लावते. मडगावला जन्मलेले आणि पुढे गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले चित्रकार लक्ष्मण पै यांनी रागांच्या भावांवर चित्रमालिका केली होती, हे अनेकांना माहीत आहे. आपल्याला तेवढे साधायचे नाही. एखादा विलंबित ख्याल किंवा आवडीचा अभंग लावून स्वर चढेल तशी रेघ चढवायची, थांबेल तिथे थांबायचे. घरात भजनाची सवय असलेल्या लोकांना हे विशेष मानवते.

मग चिंतेचे चित्र कधी काढावे? कागदांच्या मागे लिहिलेले आकडे सलग काही आठवडे उतरते दिसू लागले आणि बसल्यावर मन स्थिरावते असा विश्वास आला, म्हणजे. तेव्हाही कोरा कागद घेऊ नका. कागदावर आधी एक जाड चौकट आखा, पोस्टकार्डाएवढी, आणि जे काढायचे ते त्या चौकटीच्या आतच काढा. भीतीला आकार, रंग आणि कड द्या: ती छातीत आहे की पोटात, गोल आहे की टोकदार, जड आहे की पोकळ. दहा मिनिटे झाली की थांबा. त्यानंतर चौकटीबाहेरच्या जागेत तुम्हाला आधार वाटणाऱ्या गोष्टी काढा, घराची पायरी, तुळशीवृंदावन, मुलाची सायकल, जे असेल ते. शेवटची पाच मिनिटे पुन्हा भेंडीकडे किंवा नक्षीकडे वळा. भीतीच्या चित्रावरून थेट उठू नये. हे पहिल्यांदा करताना समुपदेशकाची सोबत असेल तर फार बरे. जुना आघात, अपघात किंवा अत्याचाराची आठवण मनात असेल तर सोबत अत्यावश्यकच आहे, कारण चित्रातून अशी आठवण अचानक आणि पूर्ण वेगाने वर येऊ शकते. तसे झाले तर काम तिथेच थांबवा, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेका, खोलीतल्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्या, गार पाण्याने हात धुवा आणि घरातल्या कुणाला तरी हाक मारा. त्या दिवशी पुन्हा रंगांकडे जाऊ नका.

कलोपचार हे शास्त्रही आहे आणि व्यवसायही, आणि आपण घरी जे करतो ते त्याहून वेगळे आहे, एवढी नोंद इथे आवश्यक आहे. एड्रियन हिल हे ब्रिटिश चित्रकार क्षयरोगावरच्या उपचारासाठी सॅनिटोरियममध्ये असताना अंथरुणावरूनच चित्रे काढू लागले, त्यांनी इतर रुग्णांनाही त्यात ओढले आणि १९४२ साली या पद्धतीला नाव दिले. पुढे तिला मानसोपचाराची जोड मिळत गेली. प्रशिक्षित व्यक्ती चित्र, ते काढण्याची रीत आणि त्यावरचे बोलणे या तिन्हींचा उपचारासाठी वापर करते. आपल्याकडे चार दिवसांच्या शिबिरानंतरही लोक स्वतःला कलोपचारक म्हणवून घेतात. म्हणून ज्यांच्याकडे जाल त्यांचे मानसशास्त्रातले शिक्षण विचारा, आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का ते विचारा. हे विचारण्यात संकोच वाटू देऊ नका.

गोळ्यांच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकार आहे: चित्रकला जमू लागली म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नका, कमीही करू नका. चिंताविकारावर आज सर्वांत भक्कम पुरावा आहे तो विचार व वर्तनावर काम करणाऱ्या मानसोपचाराला आणि ठरावीक औषधांना. रंगकाम त्यांच्या सोबतीने चालते, त्यांच्या जागी नाही. नेहमी दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी काहींचा पूर्ण गुण यायला कित्येक आठवडे लागतात, आणि झोपेसाठी किंवा तात्पुरत्या आरामासाठी दिलेल्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर चिंता उसळून येते, क्वचित झटकेही येऊ शकतात. कमी करायच्या झाल्या तरी ते डॉक्टरांनी ठरवलेल्या क्रमानेच. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासले गेले आहे का, हेही पुढच्या भेटीत विचारून घ्या. थायरॉइडची अतिक्रियाशीलता हुबेहूब चिंतेसारखी वाटू शकते, आणि रक्त कमी असले तरी धडधड होते.

गोव्यात मदत फार दूर नाही. बांबोळीची मानसोपचार व मानवी वर्तन संस्था, म्हणजे लोकांच्या तोंडची आयपीएचबी, हे सरकारी रुग्णालय आहे आणि तिथल्या बाह्यरुग्ण विभागात जायला मनाची तयारी करावी लागते ती केवळ जुन्या समजांमुळे. संगत ही १९९६ पासून गोव्यात काम करणारी संस्था आहे. सामान्य आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित समुपदेशकांनी चिंता आणि नैराश्याच्या रुग्णांना मदत करण्याचा तिचा प्रयोग २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि तो गोव्यातल्याच आरोग्य केंद्रांतला होता. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते, मराठीतही. मध्यरात्री जगणे नकोसे वाटण्यापर्यंत विचार गेले तर वही-पेन्सिल बाजूला ठेवा, घरातल्या माणसाला उठवा आणि हा क्रमांक लावा.

तुमच्या डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला महिनाभराचे कागद बरोबर न्या. चित्रे दाखवायची नसतील तर दाखवू नका, मागच्या बाजूचे आकडे एका कागदावर उतरवून न्या. कोणत्या आठवड्यात जाग कमी आली, दिवेलागणीची धडधड किती दिवस टळली, कोणत्या दिवशी रंगकाम करूनही आकडा उतरला नाही, हे त्यांना लेखी मिळाले तर औषधाची मात्रा तीच ठेवायची की बदलायची, हे ठरवणे त्यांना तुमच्या नुसत्या ‘बरे वाटते’पेक्षा पुष्कळ सोपे जाईल.